काड्यांचा पूल मोडण्याआधी काय लिहून घ्यावं

नववीच्या मुलांकडून आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल करून घ्यायचा आहे, पण तो नुसता हस्तकलेचा तास होऊ नये, असं तुम्ही म्हटलंय. त्यासाठी एक गोष्ट अजिबात सोडू नका: कुठली काडी आधी जाईल आणि का, हे प्रत्येक गटाकडून पूल मोडण्याआधी लिहून घ्या. किती किलो पेलले, हा आकडा त्यानंतरचा.

रचना वॉरन ट्रसची ठेवा, म्हणजे पुलाच्या दोन्ही बाजूंना सलग त्रिकोणांची एकेक चौकट (ट्रस). काडी साधारण 114 मिमी लांब, 10 रुंद आणि 2 जाड असते. दोन्ही टोकांपासून 7 मिमीवर खूण केली की सांध्यापासून सांध्यापर्यंत 10 सेमी मिळतात. सगळे त्रिकोण समभुज. खाली 4, वर 3 आणि तिरक्या 8, अशा एका बाजूला 15 काड्या. गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, 40 सेमी. चार मुलांच्या गटाला 80 काड्या पुरतात. रंगीत किंवा गुळगुळीत पॉलिशच्या काड्या घेऊ नका, त्यांवर फेव्हिकॉल धरत नाही.

आता हिशेब. खालच्या मधल्या सांध्याला 20 किलोची बादली टांगली तर प्रत्येक ट्रसवर 10 किलो येतात. मग वरच्या मधल्या काडीत सुमारे 11.5 किलोचा दाब, खालच्या मधल्या दोन काड्यांत प्रत्येकी 8.7 किलोचा ताण आणि प्रत्येक तिरक्या काडीत 5.8 किलो, एकीत दाब तर शेजारचीत ताण, फक्त खालच्या मधल्या सांध्याला भेटणाऱ्या दोन्ही तिरक्या काड्यांत ताण. कोन 60 अंशांचे असल्यामुळे नववीच्या त्रिकोणमितीत हे बसतं. दाबाच्या काड्या लाल आणि ताणाच्या निळ्या रंगवून घ्या.

इथेच खरा धडा आहे. ताणातली काडी सहसा तुटत नाही, तिचा सांधा सुटतो. दाबातली काडी चिरडत नाही, ती बाजूला बाक घेते. एक काडी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभी धरून वरून हळूहळू दाबायला लावा. बाक येताना काटा काय दाखवतो ते नोंदवा. लांबी अर्धी केली तर ही ताकद चौपट होते. दोन काड्या पूर्ण लांबीभर चिकटवल्या तर जाडी दुप्पट आणि बाकाला विरोध आठपट. म्हणून जोडकाड्या फक्त लाल जागी वापरायच्या. सगळीकडे दुहेरी काड्या लावणाऱ्या गटाचा पूल नुसता जड होतो.

कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर बांधला जात असलेला क्वेबेक पूल 29 ऑगस्ट 1907 रोजी कोसळला आणि 75 कामगार गेले. तिथेही दाबातला खालचा भाग बाक घेऊन गेला. त्याचे पट्टे एकत्र धरणारी जाळी कमजोर होती. त्या रचनेत दाब खाली होता, हेही मुलांना दाखवा, नाहीतर 'वर दाब, खाली ताण' असं पाठ होऊन बसतं.

सांध्यांना कपड्यांचे चिमटे लावून पूल 24 तास ठेवा, पावसाळ्यात 48. सुटलेल्या सांध्यावर लाकडाचे तंतू चिकटलेले दिसले तर गोंद पक्का होता. पृष्ठभाग स्वच्छ दिसला तर गोंद वाळला नव्हता किंवा नीट दाबला नव्हता. गरम गोंदाची बंदूक टाळा, तो सांधा भाराखाली सरकतो.

मुलं हमखास विसरतात ती वरची आडवी बांधणी. दोन ट्रस वरून तिरक्या काड्यांनी जोडले नाहीत, तर हिशेबाच्या बऱ्याच आधी पूल पिळवटून पडतो. रुंदी 10 सेमी असेल तर तिथे कर्णाला एक काडी पुरत नाही, दोन जोडाव्या लागतात.

चाचणीला दोन टेबलं, टोकाचे सांधे बरोबर कडांवर. दोन्ही ट्रसना एकदम भार मिळेल अशी आडवी पट्टी मधल्या सांध्यांवर टाकून बादली टांगा, जमिनीपासून 5 ते 10 सेमी वर. वाळू अर्ध्या किलोच्या पुड्यांनी घाला. जवळच्यांना चष्मे द्या. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण कराच, कारण पडल्यानंतर सगळंच मोडलेलं असतं आणि आधी काय गेलं ते कळत नाही. निम्मे गुण त्या लिहून घेतलेल्या अंदाजाला आणि चित्रण पाहून केलेल्या तपासणीला द्या, उरलेले पेललेल्या भाराला भागिले पुलाचं वजन या गुणोत्तराला.