आधी तारखा लाव

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण 'कॅलिफोर्नियातील नशेचा धंदा आणि त्यातून फोफावलेल्या टोळ्या' या शीर्षकातच क्रम उलटा झाला आहे आणि तो पुढे सगळ्या प्रकरणांना नडणार आहे. क्रिप्स ही टोळी लॉस एंजेलिसमध्ये १९६९च्या सुमारास उभी राहिली, तिची वैरी ब्लड्स १९७२मध्ये. क्रॅक कोकेन त्या गल्ल्यांत पोचलं ते १९८०च्या दशकात. म्हणजे माल यायच्या दहा-बारा वर्षं आधी टोळ्या होत्या. त्या कशासाठी होत्या, हा तुझा पहिला प्रश्न.

त्यासाठी मागे जावं लागेल. घरांच्या खरेदीखतातच 'काळ्यांना विकू नये' अशी अट घालायची पद्धत होती. सर्वोच्च न्यायालयाने १९४८मध्ये ठरवलं की कोर्टांनी ती अट बजावून देऊ नये, पण तोवर काळी वस्ती सेंट्रल अव्हेन्यू आणि वॉट्सच्या आसपास कोंडली गेली होती. अलामेडा स्ट्रीटच्या पलीकडे पाऊल टाकलं तर गोऱ्या पोरांच्या टोळ्या मारायच्या. स्लॉसन्स, ग्लॅडिएटर्स असे काळ्या मुलांचे क्लब त्या मारापासून वाचायला जमले. ऑगस्ट १९६५मध्ये वॉट्स सहा दिवस पेटलं, ३४ माणसं मेली. त्यानंतर यातली बरीच मुलं राजकारणाकडे वळली. पूर्वी स्लॉसन्समध्ये असलेल्या बंची कार्टरने इथे काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाची शाखा काढली. जानेवारी १९६९मध्ये यूसीएलए विद्यापीठाच्या आवारात प्रतिस्पर्धी संघटनेच्या लोकांनी त्याला गोळ्या घातल्या. त्या दोन संघटनांमधल्या भांडणाला एफबीआय तेल घालत होती, हे पुढे सरकारी कागदांतूनच बाहेर आलं. त्याच वर्षी रेमंड वॉशिंग्टन नावाचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा फ्रीमाँट हायस्कूलच्या भागात पोरं जमवू लागला. मोठी, वडीलधारी मुलं एकतर मेली होती किंवा तुरुंगात होती, आणि जागा रिकामी होती. तुझ्या आराखड्यात हे सगळं एका वाक्यात आहे. याला पूर्ण प्रकरण दे.

मग कारखाने. शहराला लागून असलेल्या साउथ गेटचा फायरस्टोनचा टायर कारखाना १९८०मध्ये बंद पडला, जनरल मोटर्सचा मोटारींचा १९८२मध्ये. पदवी नसलेल्या बापाला घर चालवता येईल इतका पगार देणाऱ्या नोकऱ्या दोन-तीन वर्षांत गेल्या. (१९८२ म्हटल्यावर तुला गिरणगाव आठवेल, मलाही आठवतं. पण ती तुलना प्रबंधात आणू नकोस. तिथे संप होता, इथे नव्हता. आणि इथे जे पुढे आलं ते तिथे आलं नाही.) पुढे आलं ते स्वस्त कोकेन. दक्षिण अमेरिकेतून इतका माल यायला लागला की भाव कोसळले. खाण्याच्या सोड्यात शिजवून त्याचे खडे केले की पाच-दहा डॉलरला एक खडा विकता येई. श्रीमंतांची नशा कोपऱ्यावरच्या गिऱ्हाइकाच्या खिशात बसली.

इथे एका माणसाचा अभ्यास नीट कर: 'फ्रीवे' रिकी रॉस. चांगला टेनिस खेळायचा, पण वाचता येत नव्हतं, म्हणून कॉलेजचं दार बंद झालं. दानिलो ब्लांदोन या निकाराग्वाच्या व्यापाऱ्याकडून माल घेऊन तो शहरातला सर्वांत मोठा क्रॅक विक्रेता झाला. तुरुंगात गेल्यावर वाचायला शिकला, कायद्याची पुस्तकं उपसली, आपल्या जन्मठेपेतली चूक स्वतः शोधली आणि २००९मध्ये बाहेर आला. लोक यातला शेवट रंगवून सांगतात. तू सुरुवात बघ. वर्षानुवर्षं शाळेत बसलेला मुलगा निरक्षर राहतो, हे कुणाचं काम? आणि हेही बघ की त्याचं जाळं टोळीच्या जोरावर नव्हे, ओळखी आणि भावाच्या जोरावर उभं होतं. माल्कम क्लाइन आणि शेरिल मॅक्सन या टोळ्यांच्या अभ्यासकांनी त्या काळातली अटकेची प्रकरणं तपासली तेव्हा टोळीशी संबंध असलेली प्रकरणं वाढलेली दिसली, पण बहुसंख्य नव्हती. टोळ्यांतली पोरं धंद्यात होती. टोळी हीच कंपनी होती, हे चित्र मुख्यतः पोलिसांनी आणि वर्तमानपत्रांनी रंगवलं.

आता कायदा. संसदेने १९८६मध्ये नियम केला: ५ ग्रॅम क्रॅक सापडलं तर किमान पाच वर्षं. तेवढ्याच शिक्षेसाठी कोकेनची पूड मात्र ५०० ग्रॅम लागे. हा शंभरपट फरक २०१०पर्यंत टिकला, आणि तेव्हाही अठरापटीवर आला, संपला नाही. जानेवारी १९८८मध्ये वेस्टवुड या सुखवस्तू भागात गोळीबारात एक तरुणी मेली, आणि साउथ सेंट्रल या गरीब काळ्या भागात वर्षानुवर्षं मुलं मरत असताना न हललेलं शहर हललं. त्याच एप्रिलमध्ये 'ऑपरेशन हॅमर' या पोलिसी धरपकडीच्या एका शनिवार-रविवारी १,४०० हून अधिक जणांना पकडलं. बहुतेकांवर आरोपच ठेवला नाही. पण नोंद राहिली. पुढे राज्याने 'कॅलगँग' नावाची संशयितांची यादी केली. २०१६मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकाने ती तपासली तेव्हा नोंदवताना एक वर्षही पूर्ण न झालेली ४२ बाळं त्यात निघाली. त्यातल्या २८ जणांनी टोळीत असल्याचं 'कबूल केलं' अशी नोंद होती! तू याच यादीवर आधारलेले आकडे कोष्टकात घेतले आहेस. काढ.

माझा मुख्य मुद्दा आता सांगतो, कारण तो आराखड्यात कुठेच नाही. टोळी आपल्या आपण फार काळ घट्ट राहत नाही. पोरं मोठी होतात, नोकरी लागते, लग्न होतं, पांगतात. बाहेरचा हात तिला घट्ट करतो. मेक्सिकन माफिया या तुरुंगातल्या टोळीचा जन्म १९५७मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्रेसी गावच्या तरुण कैद्यांच्या तुरुंगात झाला. रस्त्यावरच्या प्रत्येकाला कधीतरी आत जायचंच आहे, म्हणून आतले लोक बाहेरच्यांकडून हप्ता घेऊ लागले. जितक्या जास्त पोरांना आत टाकलं, तितका हप्ता पक्का झाला. एमएस-१३ हे टोळीचं नाव एल साल्वादोरचं वाटतं, पण ती टोळी लॉस एंजेलिसच्या पिको-युनियन भागात, एल साल्वादोरच्या यादवी युद्धातून पळून आलेल्यांच्या मुलांनी बांधली. १९९२नंतर अमेरिकेने त्यांना विमानात बसवून परत पाठवलं आणि टोळीही पोचवून दिली.

चांगल्या मनाच्या माणसांनाही यातून सूट नाही. क्लाइनने १९६०च्या दशकात बघितलं की समाजकार्यकर्ते टोळीसाठी सहली, सामने, बैठका भरवत, तेव्हा टोळी एकत्र येई आणि गुन्हे वाढत. कार्यक्रम बंद झाल्यावर ती सैल पडे. बॉइल हाइट्सचे फादर ग्रेग बॉइल यांनीही आधी टोळ्यांमध्ये समेट घडवायचे प्रयत्न केले आणि मग सोडून दिले. १९८८पासून ते एकेका माणसाला काम मिळवून देत गेले, १९९२मध्ये बेकरी काढली, तीच पुढे होमबॉय इंडस्ट्रीज झाली. उलट बाजूही मांड. २८ एप्रिल १९९२ला, रॉडनी किंग या काळ्या माणसाला मारहाण केलेल्या पोलिसांच्या खटल्याच्या निकालाच्या आदल्या दिवशी, वॉट्समधल्या टोळ्यांनी तह केला. त्याचा मसुदा १९४९च्या इजिप्त-इस्रायल युद्धबंदीवर बेतला होता. ती युद्धबंदी घडवणारे राल्फ बंच याच शहरातल्या जेफरसन हायस्कूलमध्ये शिकले होते. तह वॉट्समध्ये काही वर्षं टिकला. मग समेट वाईट की चांगला? मला वाटतं, तो कोणी केला यावर ते ठरतं. माझं मत गृहीत धरू नकोस, तपासून बघ.

मुलाखतींबद्दल. 'कोणी कोणाला मारलं' हे कधीही विचारू नकोस. तुझी टिपणं कोर्ट मागवू शकतं, आणि माणूस अडकेल तो तुझ्यामुळे. टोपणनावं, गल्लीचे क्रमांक, गोंदणं लिहू नकोस. विचार: शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, पहिला पगार कुठला, घरभाडं कोण भरतं, पहिल्यांदा पोलिसाने थांबवलं तेव्हा वय काय होतं. धंद्यात किती कमावलं हे विचारलंस तर पोरं फुगवून सांगतील, तेव्हा 'तेव्हा राहायला कुठे होतास' हेही विचार. बहुतेक जण आईच्या घरी होते.

आणि हो, १९९२मध्ये शहरात हजारावर खून झाले, वीस वर्षांनी तीनशेच्या आत आले. तुझा शेवटचा परिच्छेद याचं श्रेय एकट्या पोलिसांना देतो. क्रॅकची मागणी ओसरली, ती पिढी वयाने मोठी झाली, २००७पासून महापालिकेने जुन्या टोळीवाल्यांना मध्यस्थ म्हणून पगारी कामावर घेतलं. ही कारणं एकमेकांत इतकी गुंतली आहेत की एकाला माळ घालणारा परिच्छेद परीक्षक टिकू देणार नाहीत.

नवीन कालपट पंधरवड्यात पाठव. लिखाण नको, नुसता तक्ता: वर्ष, घटना, कागद कोणाचा. १९६५च्या आधीच्या निदान दहा ओळी हव्यात. कमी असतील तर वाचणार नाही.

तुझा,
काका