रोजच्या वागण्यात ख्रिस्ती विश्वासूपणा कसा पाळायचा?
दर रविवारी चर्चला गेलं की झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण बायबलमधल्या गलतीकरांस पत्र 5:22 मध्ये विश्वासूपणा हे आत्म्याचं फळ (पवित्र आत्मा माणसात वाढवतो तो गुण) सांगितलंय, म्हणजे नुसत्या आपल्या जिद्दीवर ते येत नाही, रोज प्रार्थनेत मागावं लागतं. आणि बायबलच्याच लूक 16:10 मध्ये येशू म्हणतो की जो थोडक्याविषयी विश्वासू तो पुष्कळाविषयीही, म्हणून सुरुवात बारीक गोष्टींपासूनच करा. आपल्या सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात काम असेल तर मालक नसताना पण डागी माल चांगल्यात घुसवायचा नाही, उधारी सांगितलेल्या तारखेला द्यायची आणि जमणार नसेल तर आधीच फोन करून सांगायचं (माझ्या मते हेच सगळ्यात अवघड), कुणी विश्वासाने सांगितलेली घरातली गोष्ट टपरीवर काढायची नाही.