'हेडस्टाउन'मध्ये युरिडिसी साप चावूनच मरते का, की कथा बदलली आहे?

बदलली आहे. ग्रीक पुराणकथेवरच्या या संगीतनाटकात साप नाहीच, अनाईस मिचेलच्या युरिडिसीला, म्हणजे गायक ऑर्फियसच्या बायकोला, पाताळात नेते ती भूक. जुन्या रोमन कवींपैकी ओव्हिडकडे तिच्या घोट्याला साप डसतो, व्हर्जिलकडे ती मागे लागलेल्या अरिस्टिअसपासून पळताना सापावर पाय देते. तिथे तिची मर्जी विचारतंय कोण? मिचेलने कथा अमेरिकेतल्या महामंदीसारख्या काळात नेली. ऑर्फियस गाणं रचण्यात दंग, घरात खायला काही नाही, आणि कामगार राबवून घेणारा मालक, पाताळाचा राजा हेडिस तिला पोटापाण्याची हमी देतो. 'हे, लिटल साँगबर्ड' हे त्याचं गाणं म्हणजे सरळसरळ गळ आहे. २०१० च्या अल्बममध्ये युरिडिसी स्वतः मिचेलनेच गायली आहे आणि हेडिसची बायको पर्सेफनी अ‍ॅनी डिफ्रँकोने; मी मुख्यतः तोच ऐकून सांगतोय. फक्त एक, शेवट जुनाच आहे: मागे वळून न बघण्याच्या अटीवर तिला परत नेताना ऑर्फियस वळून बघतोच आणि तिला गमावतो. २०१९ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या आणि ८ टोनी पुरस्कार पटकावलेल्या नाटकातही तिची सुटका त्याच्याच मानेवर अवलंबून राहते, त्यामुळे याला सरसकट स्त्रीवादी पुनर्लेखन म्हणायला मी धजणार नाही.