चौदा वर्षांच्या गाडीला होस पाईप: एकच बदलायचा की सगळे?

ताई, नमस्कार.

तुमच्या चौदा वर्षांच्या पेट्रोल गाडीचा रेडिएटरचा वरचा पाईप क्लिपपाशी पाझरतोय. मालवणच्या मेस्त्रींनी तीन भाव सांगितले. तेवढाच पाईप बदलून कुलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) वाढवलं तर १,१०० रुपये. कंपनीचे सगळे होस पाईप, क्लिपा, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कुलंट सोडणारी झडप) आणि नवीन कुलंट मजुरीसकट ६,२००. ऑनलाइन मिळणारा सिलिकॉनचा संच घेतला तर सगळं धरून ११,५००. गाडी विकली तर लाखभर येतील, मग तिच्यावर सहा हजार घालावेत का, आणि घालायचे तर एफडी मोडू का, असं तुम्ही विचारलंय.

६,२०० चा संच टाका, कोल्हापूरच्या पुढच्या फेरीआधी. एफडीला हात लावू नका.

लाखाच्या गाडीला सहा हजार जास्त वाटणं साहजिक आहे. पण गाडी तुम्ही विकणार नाही आहात. आईंना तपासणीसाठी फोंडा घाटातून कोल्हापूरला न्यायला तुमच्याकडे तीच आहे, असं तुम्हीच लिहिलंय. घाटाच्या चढावर पाईप सुटला तर बघता बघता कुलंट वाहून जातं. गाडी तशीच दामटली तर इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, वाकतं आणि त्याखालचं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी चकती, जातं. त्या कामाला मेस्त्रींनी २५ ते ३० हजार सांगितलेत, आणि दाजीपूरच्या जंगलातून गाडी टो करून आणायचे पैसे वेगळे. विम्यावर भिस्त ठेवू नका. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात, त्यामुळे हा सगळा खर्च तुमच्याच अंगावर येईल.

१,१०० वर भागवलं तर ५,१०० वाचल्यासारखे वाटतात. ते वाचत नाहीत, पुढे ढकलले जातात. बाकीचे पाईप त्याच वयाचे आहेत. आज ना उद्या ते बदलावे लागणार, आणि तेव्हा कुलंट पुन्हा काढा, पुन्हा भरा, मजुरी पुन्हा द्या. ५,१०० वर्षभर सात टक्क्यांनी ठेवले तर व्याज येतं ३५७ रुपये. तेवढ्यासाठी तीस हजारांची जोखीम घ्या असं मी कुणालाही सांगणार नाही.

बाकीचे पाईप वरून धडधाकट दिसतील, पण रबरी पाईप बऱ्याचदा आतून जातो. कुलंट आणि पाईप जिच्यावर चढतो ती धातूची तोटी यांच्यात सूक्ष्म विद्युत-रासायनिक क्रिया चालू असते आणि तिने टोकांपाशी आतल्या बाजूला बारीक चिरा पडतात. इंजिन पूर्ण थंड असताना क्लिपेपासून दोन बोटांवर पाईप चिमटीत दाबा, मग मधोमध दाबा. टोकाला तो मधल्यापेक्षा लिबलिबीत लागला, तर त्याचे दिवस भरले.

सिलिकॉन वाईट नाही, पण तुमच्या गाडीला त्याची गरज नाही. साध्या गाडीचं कुलंट शंभर अंशांच्या आसपास राहतं आणि कंपनीच्या पाईपांचं ईपीडीएम नावाचं उष्णता सोसणारं रबर सव्वाशेपर्यंत आरामात टिकतं. शिवाय सिलिकॉनमधून पाण्याची वाफ थोडी थोडी निसटते आणि साध्या खाचांच्या क्लिपा त्या मऊ पाईपात रुततात. वरचे ५,३०० कशासाठी द्यायचे?

कंजुषी कुठे करू नये, तर क्लिपांमध्ये. समुद्राच्या हवेत साधी लोखंडी क्लिप दोन पावसाळ्यांत तांबडी होते. काही क्लिपांची पट्टी स्टेनलेस असते पण स्क्रू मुलामा दिलेला, साधाच. तो गंजून असा धरतो की पुढच्या वेळी क्लिप कापावीच लागते. पट्टीपासून स्क्रूपर्यंत सगळी स्टेनलेस असेल तर क्लिपेवर बहुधा डब्ल्यू-४ असा ठसा असतो. तो बघून घ्या. मुळात जिथे स्प्रिंगची क्लिप आहे तिथे नवीन स्प्रिंगचीच बसवायला सांगा. पाईप तापून फुगतो, गार होऊन आकसतो, आणि स्प्रिंग त्याच्याबरोबर कमीजास्त होते. स्क्रूची क्लिप मात्र काही दिवस गाडी चालल्यावर एकदा तपासून बेताने आवळावी लागते. जोर लावून आवळली तर रबर कापतं, रेडिएटरची प्लॅस्टिकची तोटीही तडकते. ती तडकली की रेडिएटरचा खर्च.

कुलंट तयार मिश्रणाचं घ्या, किंवा दाट कुलंट घेतलंत तर त्यात डिस्टिल्ड वॉटरच मिसळा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी खारट असू शकतं, ते रेडिएटरमध्ये नको.

पैसे देण्याआधी मेस्त्रींना इंजिन ऑईलचं झाकण उघडून दाखवायला सांगा. आतल्या बाजूला दुधाळ फेस असेल तर थांबा. कुलंट ऑईलमध्ये जात असण्याची शक्यता आहे, आणि मग हेड गॅस्केटची तपासणी झाल्याशिवाय पाईपांवर एक रुपयाही घालू नका. तेव्हा प्रश्न २५-३० हजारांचा होतो आणि गाडी ठेवायची की काढायची हे नव्याने ठरवावं लागेल. तसं निघालं तर मला कळवा.

आता पैसे कुठून आणायचे ते. बचत खात्यात अडीअडचणीला म्हणून ४०,००० आहेत असं तुम्ही लिहिलंय. हे काम त्यातूनच करा. ही अडचणच आहे. दीड लाखाची एफडी मार्चमध्ये पिकते. सहा हजारांसाठी ती आत्ता मोडून व्याजावर दंड सोसायचं कारण नाही. बचतीतून काढलेले पैसे दरमहा थोडे थोडे परत भरा.

त्याशिवाय गाडीच्या नावाने बँकेत १,५०० ची बारा महिन्यांची आरडी सुरू करा. पुढच्या वर्षी नोंदणीला पंधरा वर्षं होतील. नूतनीकरणाची फी ५,००० आहे, पर्यावरण कर वेगळा, आणि आरटीओच्या फिटनेस तपासणीला नेण्याआधी टायर किंवा ब्रेकचं काही ना काही निघतंच. आरडीचे १८,००० त्यासाठी राहू द्या. त्या वेळी मेस्त्रींकडून पुढच्या दोन वर्षांत निघणाऱ्या कामांची यादी भावासकट लिहून घ्या. बेरीज चाळीस हजारांच्या वर गेली तर मार्चची एफडी दुसऱ्या गाडीसाठी वापरायची का, ते तेव्हा बघू.