बँकॉकचा एक दिवस, आजी-आजोबा आणि मुलांसकट

पहिल्यांदाच जाताय ना, मग एका दिवसात पाच देवळं उरकायचा बेत आधी रद्द करा. जुन्या शहरातली तीन ठिकाणं पुष्कळ झाली.

ग्रँड पॅलेस सकाळी साडेआठला उघडतो, तेव्हाच दारात हजर राहा. नंतर ऊन आणि गर्दी दोन्ही सोसत नाही. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. सासूबाई पंजाबी ड्रेसमध्ये बिनधास्त. अडतात ते हाफ पँटवाले बाबाच! बाहेर कुणी गोड बोलून "आज राजवाडा बंद आहे, दुसरीकडे नेतो" म्हणालं तर सरळ पुढे चालायचं. आम्ही पहिल्या खेपेला अशाच एका टुकटुकमध्ये बसलो आणि रत्नांच्या दुकानात तासभर अडकलो.

आत पाचूच्या बुद्धाचं मंदिर आहे. भोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर 178 चित्रांत रामकियन, म्हणजे थाई रामायण, रंगवलंय. मुलांना हनुमान शोधायला लावा. इथला पांढराशुभ्र आहे. आजोबा तिथून लवकर हलणार नाहीत, तेवढा वेळ धरूनच चला.

मग वाट फो ('वाट' म्हणजे थाईत देऊळ): 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, आणि त्याच्या पाठीमागे एकेक नाणं टाकत जायची 108 भांडी. ता तियन धक्क्यावरून होडीने नदीपलीकडे वाट अरुण, हे तिसरं ठिकाण.

शाकाहारी असाल तर नुसतं "नो मीट" म्हणून भागत नाही, भाजीतही फिश सॉस पडतो. "किन जे" म्हणा, म्हणजे मांस-मासे काहीच खात नाही. आणि पिशवीत दशम्या असू द्याच.