गव्हाणीतले आंबोण पारव्यांपासून कसे राखावे?

प्रश्न : औसा तालुक्यात आमचा आठ म्हशींचा पत्र्याचा गोठा आहे. छपराच्या कैच्यांवर (पत्रे पेलणाऱ्या आडव्या-तिरप्या सांगाड्यावर) पारवे मुक्कामाला असतात, भिजवलेली सरकी पेंड खातात आणि गव्हाणीत घाण करतात. विषारी दाणे टाकावेत काय?

उत्तर : विष मुळीच टाकू नये; ते चिमण्या, कोंबड्या आणि मेलेला पक्षी खाणारे कुत्रे यांच्याही पोटात जाते. पारवे आंबोणासाठी, म्हणजे पेंड-भरड्याच्या भिजवलेल्या खाद्यासाठी येतात, म्हणून ते दूध काढतानाच, म्हैस लगेच संपवील इतकेच घालावे, पेंडीचे घमेले झाकावे आणि खाली सांडलेला भरडा त्याच वेळी झाडून घ्यावा. विष्ठेतून साल्मोनेलासारखे जंतू चाऱ्यात उतरतात, हे हलक्यावारी घेऊ नये. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला होता. म्हणून गोठ्यालगत कोंबड्या असतील तर त्यांचे खाद्य व पाणीही झाकलेले असावे.

पत्रा आणि भिंत यांमधील फट ५० मिलिमीटर भोकांच्या नायलॉन जाळीने बंद करावी, म्हणजे पारवे अडतात, वारा मात्र खेळता राहतो, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात म्हशींना तो हवाच. या भोकांतून चिमण्या येतील, तर येऊ द्याव्यात. त्या पिलांना किडे-अळ्या भरवतात. जाळी दिवसा, पारवे बाहेर असताना लावावी. मात्र घरट्यात पिले असल्यास ती उडेपर्यंत थांबावे. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नये, आधी पाणी शिंपडावे आणि नाकातोंडाला फडके बांधावे.