श्टुटगार्टला येण्याआधी: तुझ्या प्रश्नांची उत्तरं

तू लिहिलंयस की चिंचवडला सहा वर्षं गाड्यांच्या एम्बेडेड सॉफ्टवेअरमध्ये काढलीस, आता श्टुटगार्टच्या एका सप्लायर कंपनीची वर्षाला ६२,००० युरोंची ऑफर आहे, बायको फिजिओथेरपिस्ट आहे, मुलगी साडेतीन वर्षांची. यावं का, पगार पुरेल का, ऑफिसात इंग्रजी चालतं तर जर्मनची घाई आहे का, आणि लॅपटॉपपासून मिक्सरपर्यंत काय आणावं, एवढं विचारलंयस. मी याच कामासाठी पुण्याहून २०१७ साली इथे आले. यावंसच, असं मला मनापासून वाटतं. पण जर्मनचा प्रश्न तू तिसरा ठेवलायस, मी तो पहिला घेते.

ऑफिसची भाषा इंग्रजी आहे हे तुझ्या एचआरने सांगितलं ते खरंच आहे. कोड, रिव्ह्यू, तिकिटं, सकाळचा कॉल, सगळं इंग्रजीत. पण गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून जे लास्टनहेफ्ट येतं, म्हणजे आपल्या भाषेत कस्टमरची रिक्वायरमेंट, ते बरेचदा जर्मनमध्येच असतं. त्यात 'मुस' म्हटलं असेल तर ते करावंच लागतं, 'झोल्टे' म्हटलं असेल तर जमलं तर करा. पहिल्या वर्षी मी असं एक प्रकरण यंत्राकडून इंग्रजी करून घेतलं आणि त्यात दोन्हीचं 'शुड' झालं. एक फॉल्ट किती मिलिसेकंद टिकला की नोंदवायचा, ती अट मी ऐच्छिक समजून मागे ठेवली. बेंचवर टेस्ट नापास झाली, दोन आठवडे त्यात गेले. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मूळ वाक्य उघडलं, 'मुस'वर बोट ठेवलं आणि काही न बोलता परत जागेवर गेला. त्या संध्याकाळी मी जर्मनच्या बी-वन, म्हणजे मधल्या पातळीच्या वर्गात नाव घातलं.

आणि हे झालं तुझं. तुझ्या बायकोचं तर जर्मनशिवाय पानही हलणार नाही. फिजिओथेरपी हा इथे कायद्याने बांधलेला व्यवसाय आहे: पदवीला मान्यता आणि त्याहून एक पायरी वरचं, बी-टू पातळीचं जर्मन असल्याशिवाय त्या नावाने काम करता येत नाही. ब्लू कार्ड, म्हणजे तुझ्यासारख्या पदवीधर नोकरदाराला मिळणारा राहण्या-कामाचा परवाना, असलेल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी भाषेचं सर्टिफिकेट लागत नाही, आल्या दिवसापासून नोकरीही करता येते, म्हणून सगळे जण निर्धास्त येतात. मग नवरा ऑफिसात, मूल किटामध्ये म्हणजे पाळणाघर-बालवाडीत, आणि पुण्यात रोज वीस पेशंट बघणारी बाई घरात. अशा तिघी-चौघी मी जवळून पाहिल्यात. तेव्हा तिने आजच मॅक्समुल्लर भवनात ए-वनला, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीला, नाव घालावं, तूही घाल. जॉइनिंग तीन-चार महिने पुढे ढकलून मिळत असेल तर माग. व्हिसाला तसाही वेळ लागतो, त्यामुळे कंपन्या सहसा नाही म्हणत नाहीत.

तिच्या कॉलेजातून आत्ताच एक कागद काढून ठेवा: चारही वर्षांचे विषय आणि प्रत्येक विषयाचे थिअरी-प्रॅक्टिकलचे तास, सहीशिक्क्यासह. मान्यतेसाठी इथल्या अभ्यासक्रमाशी एकेक तास जुळवून पाहतात. इथे बसून तो कागद मागवणं फार अवघड जातं.

तुझ्यासाठी भाषेचा हिशेब रोकडा आहे. ब्लू कार्डवर बी-वन असेल तर २१ महिन्यांनी कायमच्या वास्तव्याचा परवाना मागता येतो, नुसतं ए-वन असेल तर २७ महिन्यांनी. मंदीत नोकरी गेली तर ते सहा महिने किती मोलाचे असतात, हे गाड्यांच्या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पगार पुरेल. बायको कमावत नसेल तोवर तू तिसऱ्या टॅक्स क्लासमध्ये, म्हणजे पगारातून कमी कर कापणाऱ्या गटात येशील आणि हातात महिन्याला साडेतीन हजार युरोंच्या आसपास पडतील. सरकारी आरोग्य विम्यात बायको आणि मुलगी वेगळा हप्ता न भरता येतात. जीव खातं ते घर. जाहिरातीतलं काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं. हीटिंग, पाणी, सोसायटीचा खर्च धरून होतं ते वार्ममीटे, आणि वीज त्याहून वेगळी. 'तीन खोल्या' म्हणजे आपला टू बीएचके, स्वयंपाकघर त्यात मोजत नाहीत. आणि रिकामं घर म्हणजे खरोखर रिकामं: ओटा नाही, सिंक नाही, छताला दिव्याऐवजी दोन वायरी. तेव्हा पहिल्या घरासाठी 'आइनबाउक्युश' म्हणजे बसवलेलं स्वयंपाकघर असलेलंच शोध. तीन महिन्यांच्या काल्टमीटेपर्यंत डिपॉझिट मागतात, तेवढे पैसे वेगळे ठेव. आलास की मुलीचं नाव किटाच्या यादीत लगेच घाल. जागेचा हक्क कायद्याने आहे, जागा मात्र कमी आहेत.

आता एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. इथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. मी भाड्याने घेतलेल्या खोलीच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचंच नाव होतं. घरात राहायला गेल्यापासून चौदा दिवसांत करायची आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, मी वेळेत केली होती. त्यानंतर टॅक्स नंबर पोस्टाने येतो. तो आला, पेटीवर माझं नाव दिसलं नाही, परत गेला. बँकेचं कार्डही परत. नंबर नाही म्हणून पहिल्या पगारातून सहाव्या क्लासने कर कापला गेला, जो सगळ्यात जड. पुढे पैसे परत मिळाले, पण त्या महिन्यात मैत्रिणीकडून उसने घ्यावे लागले. चावी हातात आली की आधी कागदाच्या पट्टीवर तिघांची आडनावं लिही आणि पेटीला चिकटव, बॅगा नंतर उघड.

टॅक्स रिटर्नसाठी सरकारचं 'एल्स्टर' आहे. त्याचा ॲक्टिव्हेशन कोडसुद्धा पोस्टानेच येतो. पण सॉफ्टवेअर म्हणून मला ते आवडतं: फुकट आहे, जाहिरात नाही, आणि चूक कुठल्या ओळीत आहे ते नेमकं सांगतं. इथे येण्याचा खर्च आणि कामासाठी घेतलेला लॅपटॉप त्यात दाखवता येतो, म्हणून बिलं जपून ठेव.

लॅपटॉप तिकडूनच घे. इथल्या कीबोर्डवर झेड आणि वायची अदलाबदल आहे, आणि महिरपी व चौकोनी कंसांसाठी ऑल्ट-जीआर नावाचं बटण दाबून ७, ८, ९, ० कडे जावं लागतं. दिवसभर सी भाषेत कोड लिहिणाऱ्याची बोटं आखडतात. ऑफिसच्या मशीनवरही मी अमेरिकन लेआउट लावून घेतलाय. फोनमध्ये दोन सिमची सोय हवीच. आधार आणि बँकेला जोडलेलं भारतीय सिम रोमिंग सुरू करून चालू ठेव, नाहीतर ओटीपीवाचून तिकडचं प्रत्येक काम अडेल. आणि एनआरआय झालास की बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयाचं खातं, करावं लागतं, ते निघायच्या आधी बँकेत विचारून ये.

मिक्सर आण. व्होल्टेज सारखंच आहे, फक्त आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर तो लावू नकोस, खालचे लोक बेल वाजवतात. कुकर स्टीलचा, सपाट बुडाचा घे, ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर तापत नाही. गॅसची आच बहुतेक घरांत नाही, तेव्हा फुलक्यांसाठी जाळी घे.

आणि एखाद्या सोमवारी दाराच्या मुठीला 'केअरवोखं' लिहिलेली लाकडी पाटी लटकलेली दिसली तर घाबरू नकोस. या भागातली जुनी रीत आहे: त्या आठवड्यात जिना झाडायची-पुसायची पाळी तुमची. काम झालं की रविवारी संध्याकाळी पाटी पुढच्या दारावर लावायची. माझ्या शेजारच्या आजींशी माझं पहिलं धड जर्मन संभाषण त्या जिन्यावर, हातात फडकं घेऊन झालं. त्यांनी मला कोपऱ्यातली धूळ दाखवली, मी त्यांना चकली दिली.

भाड्याचा करार आला की सही करण्याआधी मला पाठव. रंगकामाच्या आणि नोटीस पीरियडच्या अटी मी ओळीने वाचून सांगते.